परतलेली पिढी

१९ जुलै

मावशी,

तू आईशी बोलत नाहीस, म्हणूनच तुला लिहिते आहे. दुसऱ्या कोणालाही कळवलं तर ते फिरून आईच्या कानावर जाणारच. फोन करायची सोय नाही. आमच्या घरातल्या भिंती कशा आहेत ते तुला आठवत असेल. स्वयंपाकघरात सुस्कारा टाकला तरी बाहेरच्या खोलीतून "काय झालं?" येतं.

आज आमचा प्रगत मॅक्रोचा पहिला तास होता. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातला हाच तो विषय, ज्याच्या नुसत्या नावाने पोरं चळाचळा कापतात. अख्ख्या देशाचं उत्पन्न, बचत, भाववाढ, बेकारी, सगळं एका फळ्यावर आणि सगळं समीकरणांत. तू तिथे मोठ्या बँकेच्या संशोधन विभागात बसून रोज हेच करतेस, तुला काय सांगायचं! मी मात्र वर्षभर या तासाची वाट बघत होते. वर्गात शिरले, तर पुढच्या रांगेत खिडकीजवळ आई बसलेली.

हो, आईच. माझी आई, तुझी ताई.

मला वाटलं मी डबा विसरले आणि ती द्यायला आली. मी दारातून खुणावलं, बाहेर ये. तिने तिथूनच खुणावलं, आत ये. तेवढ्यात सर आले आणि मी गपकन मागच्या बाकावर बसले. सरांनी हजेरी घेतली. आईने "हजर" म्हटलं. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवताना दुसऱ्यांची हजेरी घेणारी बाई, मान ताठ करून "हजर" म्हणाली!

घरी आल्यावर उलगडा झाला. गेल्या वर्षी तिने शाळेतून लवकर निवृत्ती घेतली आणि "कॉम्प्युटरच्या क्लासला" जायला लागली, असं आम्ही समजत होतो. आम्ही म्हणजे मी. बाबांना सगळं ठाऊक होतं. ती आमच्याच विद्यापीठात, संध्याकाळच्या तुकडीत, एम.ए.चं पहिलं वर्ष करत होती. दुसऱ्या वर्षाला संध्याकाळची तुकडी नाही, म्हणून आता सकाळी. आमच्यात.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास."

"अर्थात बदलला असता!"

"म्हणूनच नाही सांगितलं. चांगला विषय आहे, कशाला बदलायचा?"

मी एक अट घातली. विभागात कोणालाही कळता कामा नये की ती माझी आई आहे. आडनाव सारखं आहे, पण या आडनावाची माणसं ढिगाने आहेत. मी तिला मॅडम म्हणेन, ती मला तुम्ही म्हणेल. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच हो म्हणायची काही गरज नव्हती.

मला वाटतं हे सगळं तुझ्यामुळे झालंय. आजोबांच्या घरी त्या जेवणाच्या वेळी तुझ्या कामाविषयी तिने काहीतरी विचारलं, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, हे तुला नाही कळायचं." मी तेव्हा शाळेत होते, पण तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद आहे. आता ती कळवून घेते आहे.

हेवाबिवा काही नाही हं मला. फक्त गैरसोय होते.

तुझी भाची,
ठमी

२७ ऑगस्ट

मावशी,

तुझं उत्तर आलं. "काही आठवड्यांत सोडून देईल" असं तू लिहिलंस. मलाही तसंच वाटत होतं. नाही सोडलं.

आमच्या सरांचं नाव पोरांनी "समतोल" ठेवलंय. कुठलंही गणित मांडून झालं की खडू टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "आता समतोल शोधा." परवा त्यांनी बचतीचं समीकरण काढायला दिलं. आज हातात असलेलं उद्यावर ढकलायचं, तर माणसाला किती मोबदला मिळायला हवा, ते. एकाचाही हात वर नाही. मला येत होतं. खरंच येत होतं, फक्त एका ठिकाणी चिन्ह चुकतंय असं वाटत होतं म्हणून मी तपासत होते. तोवर सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही या."

आई फळ्याकडे गेली. तुला तिचं फळ्यावरचं अक्षर माहीत आहे का? डावीकडे वरून सुरुवात, एकाखाली एक ओळी, बरोबरची चिन्हं एका रेषेत, जणू दोरी लावून काढलीत. एकदाही मागे वळून वहीत पाहिलं नाही. शेवटी उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि हात झटकून जागेवर गेली. सर फळ्याकडे बघत राहिले. पुसायला त्यांचं मन होईना. तास संपेपर्यंत उरलेल्या कोपऱ्यात लिहीत बसले.

आता अख्खा वर्ग उत्तराखाली दोन रेघा ओढतो. मी तर पहिलीपासून ओढते, मला तिनेच शिकवलंय. पण आता मी ओढल्या की पोरांना वाटतं मीही काकूंची नक्कल करते.

काकू! सगळे तिला काकू म्हणतात. आमच्यात एक मुलगा आहे, त्याला आम्ही "घाई" म्हणतो, कारण तो कायम कुठून तरी धावत आलेला असतो. मी आजारी पडले तर त्याने कधी साधी चौकशी केली नाही. आईसाठी मात्र ग्रंथालयात जागा धरून ठेवतो. पंख्याखालची. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती घोळका असतो आणि ती एकेकाला समजावते, न चिडता. मला गणित शिकवताना ती न चिडता शिकवत होती असं मला तरी आठवत नाही.

काल वर्गात माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्याकडे खोडरबर आहे का?" खोडरबर तिचाच होता. सकाळी मी तिच्या टेबलावरून उचलला होता.

येताना आम्ही एकाच बसने येतो. दोन बाकं सोडून बसतो. थांब्यावर उतरलो की ती म्हणते, "चल, भाजी घेऊन जाऊ," आणि एकदम परत आई होते. मला ते इतक्या पटकन जमत नाही.

ठमी

१४ ऑक्टोबर

मावशी,

सहामाहीचा निकाल लागला. बरा लागला.

आईला किती पडले ते तू विचारशीलच. माझ्यापेक्षा जास्त. किती जास्त ते विचारू नकोस.

सध्या कामात आहे. नंतर लिहीन.

ठमी

११ डिसेंबर

मावशी,

मोठी बातमी आहे, आणि तुला ती आवडेल.

या सत्रात प्रत्येकाने स्वतःचा एक निबंध मांडायचा होता. पूर्ण विभागासमोर, बाहेरचेही दोन प्राध्यापक होते. माझा आधी झाला. लोकांना पुढे भाववाढ होईल असं वाटलं की ती कशी खरोखरच होते, त्यावर होता. सर म्हणाले, "नीटनेटकं आहे." नीटनेटकं! अंथरुणाची घडी असते नीटनेटकी.

मग आईचा. तिने पिढ्यांचं प्रतिमान घेतलं होतं. तुला माहीतच आहे, त्यात माणसाचं आयुष्य दोन तुकड्यांचं असतं. तरुणपणी कमवा आणि साठवा, म्हातारपणी साठवलेलं खा. आईने मध्ये तिसरा तुकडा घातला. माणूस पन्नाशीला परत शिकायला येतो आणि शिकून पुन्हा कामाला लागतो. त्याने देशाचं उत्पन्न किती वाढतं ते तिने काढून दाखवलं. भरपूर वाढतं. सगळे माना डोलवत होते. घाई तर टाळ्या वाजवायच्या तयारीतच बसला होता.

मी हात वर केला.

मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या प्रतिमानात शिकायच्या जागा कितीही आहेत. खऱ्या जगात त्या मोजक्याच असतात. परत आलेली पिढी कोणाची तरी जागा घेते. जिच्यापुढे अजून सगळं आयुष्य पडलंय तिची. मग हा फायदा कोणाच्या जिवावर?"

मावशी, तू तिथे असायला हवी होतीस. बाहेरून आलेल्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. सर म्हणाले, "उत्तम प्रश्न." नीटनेटका नव्हे, उत्तम! आई खडू हातात धरून उभी राहिली. मला वाटलं ती काहीतरी सारवासारव करेल. ती म्हणाली, "बरोबर आहे. ते गृहीतक मी सोयीचं म्हणून धरलं." आणि खाली बसली. उत्तराखाली रेघा न ओढता.

नंतर पोरं माझ्याभोवती जमली होती. पहिल्यांदाच.

आई आमच्या बसला नव्हती. चालत आली असणार, कारण तासाभराने आली. बाबांनी विचारलं, "कसा झाला निबंध?" तिने चपला काढल्या, जागेवर लावल्या आणि मला म्हणाली, "प्रश्न चांगला होता."

मी म्हटलं, "थँक्यू."

"पण तू मॅडम म्हणत होतीस आणि बघत होतीस आईकडे."

 बाबा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग ते दिवा लावायला उठले. दिवा आधीच लावलेला होता.

ठमी

८ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

"ताई लहानपणापासून अशीच आहे, दुसऱ्याच्या ताटातलं तिला जास्त गोड लागतं, बरी जिरवलीस" असं तू लिहिलं आहेस. मला वाटलं होतं, हे वाचून मला गार वाटेल. तुझ्याकडून हेच ऐकायला मी जुलैपासून पत्रं लिहिते आहे, हे मला कळतं.

पण तू तिला असं म्हणू नकोस.

ती दुसऱ्याच्या ताटातलं घेत नाही. आजोबा एकीलाच पुढे शिकवू शकत होते, आणि ती अभ्यासात पुढे असूनही तू गेलीस. हे मला बाबांनी सांगितलं. आईने कधीच सांगितलं नाही. ती सोडून गेलेल्या जागी परत आली आहे. तिथे मी बसले होते ही तिची चूक नाही.

मला तिचा राग येतो तो माझा प्रश्न आहे. त्यात तू पडू नकोस. मीच तुला ओढलं हे मान्य.

निबंधानंतर ती रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर तोच निबंध घेऊन बसते. आता जागा मोजक्या धरल्या आहेत. माझा प्रश्न घेऊन ती सगळं पहिल्यापासून करते आहे. मी चहा घ्यायला जाते तेव्हा कागद हाताने झाकते, शाळेतल्या मुलींसारखी. मी काही बघत नाही. वरच्या ओळी उलट्या बाजूने जेवढ्या दिसतील तेवढ्याच.

ठमी

२२ मार्च

मावशी,

तू उत्तर दिलं नाहीस. रागावली असशील. तरी लिहिते, कारण इथे बोलायला कोणी नाही.

समतोल सरांकडे पीएच.डी.ची एकच जागा आहे. पूर्ण शिष्यवृत्तीसकट, एकच. वर्गातल्या चौघांनी अर्ज केलाय. त्यात मी आहे. आणि आई आहे.

मला ती जागा किती हवी आहे हे मी तुला लिहून दाखवू शकत नाही. मी दहावीत असताना, तुमचं बोलणं बंद होण्याआधी, तू आमच्याकडे आली होतीस, आणि बँकेने व्याजाचा दर थोडासा वाढवला की कुठल्या तरी गावातल्या दुकानदाराच्या पोटात कसा गोळा येतो, ते तू मला समजावून सांगितलंस. तेव्हापासून मला हेच करायचं आहे. दुसरं काहीच नाही.

आईचा अर्ज कळला तेव्हा मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, शेवटी ती मागे घेईल. आई आहे ना! मी तर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ती म्हणणार, तुझ्यासाठी सोडते. मी म्हणणार, नको गं, असं कशाला. ती म्हणणार, नाही, माझं ठरलंय. मग मी थोडं रडणार. एकेक दिवस जात होता आणि ती सोडत नव्हती. मी बाबांना पुढे केलं. बाबांनी चहा पिताना नुसतं "पोरीचं वय आहे शिकायचं" एवढं म्हटलं. आईने कप खाली ठेवला.

नंतर ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ लागलेलं तसंच.

"तू वाट बघते आहेस ना, मी अर्ज मागे घेण्याची?"

"नाही," मी म्हटलं.

"बघते आहेस. मी नाही घेणार."

मी हातातली वही मिटली.

"तुझ्यासाठी आजवर काय काय सोडलं असेल ते मी कधी धरून बसले नाही. आनंदाने सोडलं. पण हे नाही सोडणार. तुला मिळाली तर मला खूप वाईट वाटेल, आणि मी ते लपवणारही नाही. मला मिळाली तर तूही लपवू नकोस."

"आणि लोक काय म्हणतील? आई आणि मुलगी एका जागेसाठी?"

"लोकांना तू सांगूच दिलं नाहीस, मी तुझी आई आहे म्हणून," ती म्हणाली आणि परत कणीक मळायला गेली.

ठमी

१५ एप्रिल

मावशी,

आईला मिळाली.

मी दुसरी आले. सरांनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी परत अर्ज करा, तोवर पहिल्या वर्षाच्या मुलांचे सरावाचे तास घ्या. त्यांनी ते चांगुलपणाने सांगितलं. मी चांगुलपणाने ऐकलं. मग जिन्याखाली जिथे मोडकी बाकं रचून ठेवतात तिथे जाऊन उभी राहिले.

मी सध्या मैत्रिणीच्या खोलीवर राहते आहे. घरी सांगितलं की तिथून विभाग जवळ पडतो. तसा लांबच पडतो. बाबा डबा घेऊन येतात, खाली उभे राहतात, वर येत नाहीत. "आई विचारत होती," म्हणतात. काय विचारत होती ते त्यांनाही माहीत नसतं.

तिचं अभिनंदन मी केलेलं नाही. करवत नाही. ती वाईटपणे वागली असती तर किती सोपं झालं असतं.

ठमी

९ मे

मावशी,

तुझं कार्ड मिळालं. "बरी आहेस ना" एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. बरी आहे. घरी परत आले आहे. कशी आले ते सांगते.

विभागाच्या सूचनाफलकावर निवड झालेल्यांचे निबंध लावतात. मी आठवडाभर त्या भिंतीकडे न बघता येत-जात होते. परवा दुपारी कोणी नव्हतं. मी आईचा निबंध उभ्या-उभ्या वाचला. चूक शोधायला वाचला, खोटं कशाला सांगू?

पहिल्या पानाच्या तळाशी आभार होते. सरांचे, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव. "यांच्या प्रश्नामुळे हा निबंध उभा राहिला." मला इतका संताप आला! म्हणजे माझ्याच प्रश्नावर तिला ती जागा मिळाली, आणि मला मिळाली एक ओळ, तीही बारीक अक्षरात.

पुढे वाचत गेले. आता तिच्याकडे जागा मोजक्या होत्या. परत येणारे अनुभवी असतात, पटकन शिकतात, त्यामुळे एका मर्यादेपर्यंत सगळ्यांचाच फायदा. त्यापुढे तरुणांचं नुकसान. ती मर्यादा तिने काढली होती. सुरेख काढली होती. मी प्रत्येक ओळ हाताने तपासली, एक चिन्ह इकडचं तिकडे नाही. मग शेवटच्या पानावर मला भोक सापडलं. खरंखुरं.

मी निबंध भिंतीवरून काढला आणि तशीच घरी गेले. टाचण्या अजून माझ्या पर्समध्ये आहेत. आई टेबलाशी बसली होती. मला बघून उठली, "जेवलीस का?" म्हणाली.

"आभार नकोत मला," मी म्हटलं. "तो भाग माझा आहे. नाव हवं."

"प्रश्न तुझा आहे. उत्तर मी काढलंय."

"उत्तर अर्धं आहे." मी कागद तिच्यापुढे ठेवला. "इथे बघ. जिची जागा गेली त्या मुलीला तू घरी पाठवलंस आणि दार लावून घेतलंस. तिचं नुकसान कायमचं धरलंस. पण तुझ्याच प्रतिमानात परत येता येतं ना? मग तीही पुढे परत येऊ शकते. तिला ते आजच माहीत असेल. मग आज जागा गेल्याचं तिचं नुकसान तू धरलंयस तेवढं नाही. तुझी मर्यादाच चुकली आहे, ती वर सरकायला हवी."

आई बघत राहिली. आधी कागदाकडे आणि मग माझ्याकडे. तिने काही पुसलं, काही लिहिलं, परत पुसलं. मी उभीच होते.

"हे मला का दिसलं नाही?" ती स्वतःशीच म्हणाली.

"कारण तू परत आलेली आहेस. घरी पाठवलेली मी आहे."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा मी रडेन. ती खुर्ची ओढून म्हणाली, "बस. फुकट नाव मिळत नाही. हा भाग तू सोडव."

मी बसले. बाबा दुकानातून आले तेव्हा आम्ही दोघी एका ओळीवरून भांडत होतो. ते म्हणाले, "बोलताय ना? मग भांडा," आणि स्वतःच पानं मांडायला लागले.

अजून एक गोष्ट. सरांकडे दोघींचं नाव द्यायला गेलो. मी म्हटलं, "सर, तुम्हाला सांगायला हवं. ही माझी आई आहे." सर म्हणाले, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं. दोघीही अडलात की उजवा कान ओढता." आईने लगेच कानावरचा हात खाली घेतला. मीही.

मी अजून पूर्ण निवळलेली नाही, हे तुला सांगते. सकाळी ती शिष्यवृत्तीधारकांच्या खोलीकडे वळते आणि मी सरावाच्या वर्गाकडे, तेव्हा रोज आत काहीतरी टोचतं. पण आता ती मला बसमध्ये शेजारी जागा धरते.

ठमी

३ ऑगस्ट

मावशी,

ऐक. आमचा निबंध परिषदेसाठी निवडला गेला. तुमच्या शहरात आहे परिषद, पुढच्या महिन्यात. आणि एका निबंधामागे एकालाच बोलता येतं.

मी गृहीतच धरलं होतं की आई जाणार. पण परीक्षकांनी जेवढे प्रश्न पाठवले होते ते सगळे शेवटच्या भागावर होते, परत येऊ शकणाऱ्या मुलीवर. सरांनी ते वाचले, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "तुम्ही जा."

आई म्हणाली, "छान."

नुसतं छान. मग घरी आल्यावर भांडी. मावशी, स्टीलच्या भांड्यांतून इतका आवाज निघू शकतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसली. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाली, "मला काय धाड भरली आहे!" बाबांनी मला हळूच विचारलं, "आता काय केलंस तू?" मी म्हटलं, मी काहीच केलेलं नाही. आणि खरंच केलेलं नव्हतं.

आज सकाळी गच्चीवर आम्ही कपडे वाळत घालत होतो. ती चादरीच्या पलीकडे होती, मला तिचे फक्त पाय दिसत होते. पलीकडूनच ती म्हणाली,

"मला सारखं वाटतंय, तुला ताप यावा."

"काय?"

"फार नाही. प्रवास रद्द होण्यापुरता. दोन दिवस हेच मनात येतंय. लपवणार नाही म्हटलं होतं ना, म्हणून सांगते आहे."

"आणि मग?"

"मग मी जाईन. निळी साडी नेसेन. सगळं तयार आहे मनात."

"मला नाही येणार ताप," मी म्हटलं.

"माहीत आहे. तब्येत दणकट आहे तुझी. मीच केली आहे ती." ती चादर सरकवून या बाजूला आली. डोळे लाल होते आणि हसत होती. "तुझा हेवा वाटतोय मला. पोटच्या पोरीचा. काय म्हणावं आता!"

मावशी, मला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. चांगले मार्क पडले तेव्हा तिने माझी दृष्ट काढली आहे, पाठ थोपटली आहे, शेजारणीला सांगितलं आहे. हेवा कधी केला नव्हता. हेवा आपण बरोबरीच्याचाच करतो, तुला माहीत आहे. मी ओल्या हातांनी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "पुरे, चिमटे पडले."

तर मी येते आहे. तुझ्याकडे उतरू का? आईनेच सुचवलं. म्हणाली, "हॉटेलात कशाला, सख्खी मावशी आहे." तुझं नाव तिच्या तोंडून ऐकून मी आणि बाबा दोघेही जेवता जेवता थांबलो. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही.

भाषणाला ये. समोर बसू नकोस, मला घाम फुटेल. निबंध सोबत पाठवते आहे, आधी वाचून ठेव. पहिला भाग आईचा आहे, संपूर्ण तिचा. मी त्यातल्या एका स्वल्पविरामालाही हात लावलेला नाही. तो वाचताना तुला तिचा हेवा वाटला तर मला लिहू नकोस. तिलाच फोन कर, आणि स्पष्ट सांग. तिला फार बरं वाटेल.

ठमी